पिकअप घेताय? आधी खालून बघा

मालवणच्या किनाऱ्यावर पिकअप घ्यायला निघालेला माणूस पहिल्यांदा विचारतो, "फोर बाय फोर घेऊ की साधी?" माझ्या मते तो तिसरा प्रश्न. पहिला, रोज वजन किती भरणार. दुसरा, गाडी खाऱ्या पाण्याजवळ किती राबणार.

नारळी पौर्णिमेनंतर मासळी आणि बर्फ, उन्हाळ्यात हापूसच्या पेट्या, मधल्या दिवसांत चिरे नि सिमेंट, असं आमचं भाडं. जांभ्याचा एक चिरा तीस किलोच्या आसपास. पन्नास चिरे म्हणजे दीड टन. बोलेरो पिकअप, टाटा योद्धा या गाड्या मॉडेलप्रमाणे सव्वा ते दोन टन ओझ्यासाठीच बांधलेल्या. हायलक्स, व्ही-क्रॉस या पिकअपही दणकट आणि चिखलातून लीलया निघणाऱ्या, हे कबूल. पण हायलक्सची क्षमता कागदावर अर्ध्या टनाच्याही आत आहे, आणि दोघींची लांबी सव्वापाच मीटरच्या वर. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी अशा देवबागच्या चिंचोळ्या रस्त्यावर समोरून पर्यटकांची बस आली, की मागे कोणी घ्यायचं ते सांगायला नको. चाळीस क्रेट मासळी नेणाऱ्याने या दोन गाड्यांच्या वाटेला जाऊच नये. कागदापेक्षा जास्त भरलं तर २०१९ पासून दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये.

आता खाराचं. माझी जुनी पिकअप वरून चकचकीत होती. एकदा भरलेल्या गाडीत कट्टा गावाजवळच्या उतारावर ब्रेकचं पेडल तळाला गेलं. हँडब्रेक नि पहिल्या गिअरवर गाडी कशीबशी थांबली. आंबोली घाट असता तर हे लिहायला मी उरलो नसतो. गंजून फुटलेली ब्रेकची नळी हातात देत मेस्त्री म्हणाला, "तुम्ही वरसून बघतास, मी खालसून बघतंय." क्रेटमधून गळणारं बर्फाचं पाणी खारट असतं. ते हौद्याच्या फटींतून चेसिसवर, स्प्रिंगच्या पाट्यांवर, नळ्यांवर उतरतं आणि तिथेच सुकतं. रापणीच्या वेळी, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढताना, गाडी लाटेत घातली नाही म्हणून ती वाचली, असं इथे होत नाही.

म्हणून नवी गाडी भाड्याला जुंपण्याआधीच खालून कोटिंग करून घ्या. हौद्यात जाड रबर टाका आणि पाणी निघायची भोकं मोकळी ठेवा. संध्याकाळी विहिरीच्या गोड्या पाण्याने खालून धुवा. वरचं धुणं राहिलं तरी चालेल. दर सर्व्हिसिंगला नळ्या बघायला सांगा. फिटनेस सर्टिफिकेट आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी काढावं लागतं, पण गंज तेवढी वाट बघत नाही.

फोर बाय फोर कोणाला? ज्याची होडी वाळूवर येते किंवा कलमांची बाग कातळाच्या चढावर आहे, त्याला. बोलेरो कॅम्परमध्ये ती सोय मिळते. बाकीच्यांना चांगले टायर पुरतात. रिकाम्या पिकअपचं मागचं अंग हलकं, त्यामुळे पावसात जांभ्याच्या चढावर चाकं फिरत राहतात; दोन-तीन पोती वाळू मागे टाकली की पकड येते. किनाऱ्यावर उतरायचंच असेल तर रिकाम्या गाडीची हवा पंधरा-अठरा पीएसआयवर आणा, आणि डांबरी रस्त्याला लागण्याआधी परत भरा. चाक रुतून फिरू लागलं की पाय लगेच काढा, आल्या चाकोरीतूनच मागे या. भरती लागलेली असेल तर उतरूच नका. सुक्या डांबरावर फोर बाय फोर लावून ऐट मारणाऱ्यांच्या गिअरचा खर्च मी पाहिला आहे.

जुनी गाडी घेणार असाल तर किनाऱ्यावरची आहे का, हे आधी विचारा. रॅम्पवर चढवून चेसिसवर हातोडी मारा. पोपडे पडले तर किंमत कितीही उतरवली तरी परत फिरा. रॅम्प नसेल तर चटई घेऊन जा आणि गाडीखाली शिरा. पांढरा शर्ट मात्र घालू नका.