नखाएवढं चित्र

लालबागच्या आमच्या खोलीत, नोकरी सांभाळून, तीन वर्षं रात्री जागून मी माझा पहिला व्हिडिओ गेम तयार केला. त्याच्या मुखचित्राला मात्र शेवटचे दोन दिवस दिले. त्याची मोठी किंमत मोजावी लागली. तुमच्यापैकी कोणी असा खेळ घडवत असेल, तर त्याने तरी हे आधी वाचावं, म्हणून लिहितो आहे.

खेळाचं नाव 'भोंगा'. गिरणगावात एके काळी घरोघरी खाणावळी चालत. कुटुंब गावाला ठेवून आलेल्या कामगारांना तिथल्या बायका जेवू घालत. माझ्या खेळातली मुलगी अशाच एका खाणावळीतले डबे घेऊन निघते. पाळीचा भोंगा वाजायच्या आत ते गिरणीच्या फाटकाशी पोचले पाहिजेत. कुठली गल्ली धरायची, कोणाचा डबा आधी द्यायचा, हे कोडं. मारामारी नाही, भीती नाही.

मुखचित्रात मी काय काय काढलं होतं! पहाटेचं धुकं, तीन धुराडी, चाळीचे मजले, नळावरची रांग, अकरा माणसं, आणि उजव्या कोपऱ्यात ती मुलगी. वर खेळाचं नाव रोमन आणि देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत, खाली 'गिरणगावातली एक सकाळ' ही ओळ. माझ्या मोठ्या पडद्यावर ते देखणं दिसत होतं. पण खेळ घेणारा माणूस ते माझ्या पडद्यावर पाहणार नव्हता.

स्टीम या व्हिडिओ गेमच्या ऑनलाइन दुकानात याद्यांमध्ये लागणारं लहान चित्र आपण 462 बाय 174 पिक्सेलचं देतो. दुकान ते आणखी बारीक करतं, काही ठिकाणी 120 बाय 45 पर्यंत. म्हणजे बोटाच्या नखाएवढं. त्या आकारात माझं धुकं नुसतं काळपट झालं, अकरा माणसांचे ठिपके झाले आणि मुलगी नाहीशी झाली. नावातला अनुस्वार पुसला गेला. 'भोंगा'चं 'भोगा' झालं, आणि हे माझ्या लक्षात आलं ते खेळ विक्रीला लागल्यावर.

आपलं चित्र किती जणांसमोर आलं आणि त्यांतले किती जण पानावर आले, हे स्टीम खेळ घडवणाऱ्याला दाखवतं. चित्र पुष्कळांसमोर गेलं होतं, आत फारच थोडे आले होते. त्याहून जास्त लागलं ते पुढचं. धुकं आणि काळी धुराडी पाहून काहींनी तो भुताचा खेळ आहे असं समजून विकत घेतला. स्टीमवर घेतल्यापासून 14 दिवसांत आणि 2 तासांहून कमी खेळला असेल, तर पैसे परत मागता येतात. त्यांनी ते मागितले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. चित्राने त्यांना एक सांगितलं आणि खेळाने दुसरंच दिलं.

मी ते चित्र मामाला दाखवलं. मामाने परळ भागात उभं आयुष्य दुकानांच्या पाट्या रंगवल्या. त्याने फोन हातात घेतला, लांब धरला आणि विचारलं, "यात बघायचं काय रे? पाटी रंगवली की आम्ही समोरच्या फुटपाथवर जाऊन उभे राहायचो. तू रस्ता ओलांडलास का?"

मी रस्ता ओलांडला नव्हता. मग मामाने वर्तमानपत्रातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान जमिनीवर पसरलं. शिवाजी मंदिर, दामोदर, साहित्य संघ ही नाट्यगृहं. शेजारी शेजारी दाटीने बसलेल्या चौकटी. प्रत्येकीत नाटकाचं नाव, कलाकार, तारीख, वेळ. "उभ्याने वाच," तो म्हणाला. उभ्याने फक्त नाटकांची नावं वाचता येत होती, आणि तीही सगळी नाही.

हे पान म्हणजेच ते दुकान, हे मला तेव्हा कळलं. आणि त्या पानावरचं काम कसं करावं हे आपल्याकडे एका माणसाने आयुष्यभर दाखवून दिलं आहे. अक्षरकार कमल शेडगे 2020च्या जुलैमध्ये गेले. मराठी नाटकांची शेकडो शीर्षकं त्यांनी रेखाटली. इंचा-दोन इंचांच्या जागेत, शाई पसरणाऱ्या कागदावर, दहा जाहिरातींच्या गर्दीत त्यांचं अक्षर ओळखू यायचं आणि नाटकाची जातही सांगायचं. ऐतिहासिक नाटकाचं वळण वेगळं, फार्सचं वेगळं. त्यांच्याकडे चित्राला जागाच नव्हती, म्हणून त्यांनी अक्षराचंच चित्र केलं.

चार महिन्यांनी मी मुखचित्र नव्याने करवून घेतलं. त्यातून जे शिकलो ते असं:

एक, चित्रात एकच गोष्ट सांगा. खेळणारा खेळात काय करतो, तेवढीच. बाकीचं जग दुकानाच्या पानावरच्या इतर चित्रांत दाखवता येतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' 2020 साली आला, तेव्हा खेळात केवढी मोठी पौराणिक सृष्टी होती. तरी मुखचित्रात आधी दिसते ती राजी ही मुलगीच.

दोन, खेळाची जात खरी सांगा. रंग, चेहऱ्यावरचा भाव, अक्षराचं वळण या तिघांनी मिळून ती सांगायची असते. खोटी भूल घालून आणलेलं गिऱ्हाईक परत जातं आणि जाताना बोल लावून जातं.

तीन, नाव ठळक ठेवा, आणि एका चित्रात एकच लिपी. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात. त्यामुळे त्याच उंचीत मधलं मूळ अक्षर रोमनपेक्षा लहान होतं. बारीक टाइप घेतला तर अनुस्वार आधी जातो. आता स्टीमवर माझं नाव फक्त रोमनमध्ये आहे. गूगल प्लेच्या मराठी पानासाठी वेगळं चित्र देता येतं, तिथे देवनागरी. त्या 'भोंगा'तला अनुस्वार आम्ही मुद्दाम मोठा, उगवत्या सूर्यासारखा काढला.

चार, नियम आधी वाचा. 1 सप्टेंबर 2022पासून स्टीमवर या चित्रांत खेळाचं नाव आणि अधिकृत उपशीर्षक यांशिवाय मजकूर चालत नाही. बक्षिसांची चिन्हं, अभिप्रायांतली वाक्यं, सवलतीचे आकडे काहीही नाही. विकत घेतलेल्या खेळांच्या संग्रहात (लायब्ररीत) खेळाच्या पानामागे लागणारं 3840 बाय 1240चं रुंद चित्र तर नावाशिवायच द्यायचं असतं. म्हणून चित्रकाराकडून नाव, पात्र आणि पार्श्वभूमी वेगवेगळ्या थरांत मागून घ्या. चित्राचे हक्क, दुरुस्त्यांची संख्या आणि मोबदला कागदावर ठरवा.

पाच, चित्र कशाने झाकलं जाईल याचा विचार करा. दादर स्टेशनबाहेर दिवाळी अंक एकावर एक सरकवून मांडतात, तेव्हा दिसते ती मुखपृष्ठाची वरची पट्टी. अंकाचं नाव तिथे असतं ते याचसाठी. गूगल प्लेवर 1024 बाय 500च्या चित्राला व्हिडिओ जोडला की मधोमध बटण येतं. माझ्या जुन्या चित्रात ते नेमकं नावावर बसलं होतं.

सहा, रस्ता ओलांडा. चित्र 120 बाय 45चं करा. दुकानाच्या यादीचा फोटो घेऊन त्यात, शेजाऱ्यांच्या मधोमध, ते चिकटवा. मग रंग काढून काळं-पांढरं करून पाहा. मुख्य आकृती तरीही उठून दिसली पाहिजे. शेवटी, खेळाबद्दल काहीच ठाऊक नसलेल्या माणसाला ते तीन सेकंद दाखवा आणि विचारा, "यात काय करायचं असेल?" तुम्ही गप्प राहा. उत्तर चुकलं तर समजावू नका, चित्र बदला. दुकानात समजावायला तुम्ही नसता.

आणि हे सगळं लवकर करा. 'लवकरच येत आहे' हे पान स्टीमवर निदान दोन आठवडे आधी लावावंच लागतं, पण खरं तर ते कित्येक महिने आधी लागायला हवं, कारण लोक तेव्हापासून खेळ आपल्या यादीत टाकून ठेवतात. पहिल्या दिवसांत नवा म्हणून मिळालेली नजर मला चित्र बदलल्यावर परत मिळाली नाही. खेळ आता हळूहळू विकला जातो आहे. पैसे परत मागणारे जवळपास थांबले आहेत.

नव्या चित्रात पिवळ्या आकाशासमोर एक मुलगी दोन्ही हातांत डबे घेऊन धावते आहे आणि मान वळवून धुराड्याकडे बघते आहे. एवढंच. ते नक्की करण्याआधी चाळीत खालच्या मजल्यावरच्या मावशींना फोनवर नखाएवढं दाखवलं. त्यांनी तरुणपणी खाणावळ चालवली आहे; व्हिडिओ गेम कधी हातात धरलेला नाही. चष्मा न लावताच त्या म्हणाल्या, "पोरीला उशीर झालाय रे. भोंगा व्हायच्या आत पोचेल ना ती?"

तीन वर्षं मी जे सांगू पाहत होतो, ते त्या चित्राने मला न विचारता सांगितलं होतं.