पडद्यावरचे केजन खरे कितपत?

प्रश्न : 'डेडपूल अँड वुल्व्हरीन'मधला गँबिट जे इंग्रजी बोलतो, त्यातलं निम्मंही मला कळलं नाही. मुलगा म्हणाला, ती लुइझियानातल्या केजन लोकांची बोलण्याची ढब आहे. असं बोलणारे लोक खरोखर आहेत का? आणि हॉलिवूड त्यांना दाखवतं तसे ते असतात का?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : केजन आहेत, त्यांच्या इंग्रजीला स्वतःचा हेलही आहे, पण गँबिटसारखं बोलणारा माणूस तिथे भेटणार नाही. चॅनिंग टेटमने २०२४च्या त्या चित्रपटात हा हेल मुद्दाम ताणला आहे. त्याचं बोलणं समजत नाही यावर त्यातली पात्रंच विनोद करतात, तेव्हा तुमच्या कानांत काही उणं नाही. शिवाय कॉमिक्समधला गँबिट न्यू ऑर्लिन्समध्ये वाढलेला आहे, आणि न्यू ऑर्लिन्स हे केजनांचं शहर नव्हे. हॉलिवूडचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

आधी हे लोक कोण ते पाहू. सतराव्या शतकात फ्रान्समधून निघालेली काही शेतकरी कुटुंबं कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, आजच्या नोव्हा स्कोशियाच्या परिसरात वसली. त्या मुलखाला अकेडिया म्हणत. १७५५ साली ब्रिटिशांनी त्यांना तिथून हुसकावायला सुरुवात केली. घरं जाळली, माणसं जहाजांत कोंबून देशोधडीला लावली. त्यांतले काही हजार लोक पुढच्या तीस वर्षांत लुइझियानात पोचले. १७८५ मध्ये तर फ्रान्समध्ये अडकून पडलेले सुमारे १६०० जण सात जहाजांतून आले. बायूंच्या, म्हणजे संथ वाहणाऱ्या ओढ्या-खाड्यांच्या काठी आणि पश्चिमेकडच्या गवताळ माळावर त्यांनी संसार मांडले. त्यांच्या प्रदेशाला राज्याने १९७१ मध्ये अकेडियाना हे अधिकृत नाव दिलं. त्यात २२ पॅरिश येतात. लुइझियानात जिल्ह्याला पॅरिश म्हणतात. मुख्य शहर लाफायेट, न्यू ऑर्लिन्सपासून सुमारे २१५ किलोमीटर पश्चिमेला.

आता हेल. तो मराठी कानाला फार लवकर कळतो. अमेरिकन माणूस 'पेन' म्हणतो तेव्हा ओठांतून हवेचा झोत सुटतो. तोंडासमोर तळहात धरला तर तो जाणवतो. केजन माणसाच्या बोलण्यात तो झोत नसतो. त्याचा 'प' आपल्या 'प'सारखा, 'क' आपल्या 'क'सारखा. 'थिंक'चं होतं 'टिंक', 'दॅट'चं 'डॅट'. 'गो' म्हणताना अमेरिकन ओठ शेवटी 'ऊ'कडे वळतात. केजनांचा 'ओ' जागचा हलत नाही. शब्दाच्या शेवटची व्यंजनं गळतात, स्वर नाकातून येतात, आणि जोर द्यायचा असेल तर कॉफी 'हॉट-हॉट' असते, जशी ती आपल्याकडे गरमगरम असते. नट ज्या गाण्यासारख्या लांबवलेल्या सुरात बोलतात तो मात्र बहुतेक वेळा अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मळेवाल्यांचा सूर असतो. त्यात दोन-चार फ्रेंच शब्द पेरले की झाला केजन, असा हिशेब.

हा हेल आला कुठून, हे कळल्याशिवाय पडद्यावरच्या नकलेबद्दल बोलण्यात अर्थ नाही. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या फ्रेंच बोलत होती. १९१६ मध्ये राज्यात शाळा सक्तीची झाली आणि १९२१च्या राज्यघटनेने सरकारी शाळांतलं शिक्षण इंग्रजीतूनच व्हावं असं ठरवलं. सहा-सात वर्षांची पोरं, घरी इंग्रजीचा एक शब्द कानावर न पडलेली, शाळेत गेली. मैदानात फ्रेंच बोलताना सापडलं की छडी, नाहीतर 'मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही' असं पानभर लिहायचं. लघवीला जायची परवानगी इंग्रजीत मागता येईना म्हणून वर्गातच कपडे ओले झाल्याची आठवण त्या पिढीतल्या कितीतरी म्हाताऱ्यांनी सांगितली आहे. ही मुलं मोठी झाल्यावर त्यांनी ठरवलं, आपल्या मुलांवर ही पाळी येऊ द्यायची नाही. घरात फ्रेंच उरलं ते आई-वडिलांनी पोरांपासून चोरून बोलायचं म्हणून.

सिल्वी दुब्वा आणि बार्बरा होर्वाथ या दोन भाषाशास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकात केजनांच्या तीन पिढ्यांचं इंग्रजी तपासलं. त्यांना जे आढळलं ते मला फार मोलाचं वाटतं. आजोबा 'डॅट' म्हणत, कारण फ्रेंच ही त्यांची पहिली भाषा. मुलगा 'डॅट' टाळू लागला, कारण तो लाज शिकला होता. आणि नातू, विशेषतः तरुण पुरुष, पुन्हा 'डॅट' म्हणू लागले होते. नातवाला फ्रेंच येत नव्हतं. आपण कोण हे सांगायला त्याच्याकडे तो हेलच उरला होता. राज्याने १९६८ मध्ये फ्रेंचच्या जतनासाठी परिषद नेमली, बाहेरदेशाहून फ्रेंच शिक्षक आणले. १९८० मध्ये एका संघ न्यायालयाने केजनांना कायद्याचं संरक्षण असलेला वांशिक गट मानलं. केजन असणं अभिमानाचं होऊ लागलं ते याच काळात, आणि हॉलिवूडलाही ते नेमके तेव्हाच दिसले.

१९८६चा 'द बिग ईझी' घ्या. डेनिस क्वेड न्यू ऑर्लिन्सचा पोलीस अधिकारी झाला आहे आणि सबंध चित्रपटभर केजन हेलात बोलतो. मूळ पटकथा शिकागोत घडणारी होती. नंतर ती दक्षिणेत हलवली. हेल वरून चढवलेला वाटतो, याचं मला हेच कारण वाटतं. खुद्द न्यू ऑर्लिन्सच्या कामगारवस्तीत गेलात तर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आल्यासारखं वाटेल, कारण त्या बंदरात आयरिश, इटालियन, जर्मन लोक येऊन मिसळले. क्वेडच्या तोंडचं इंग्रजी ना त्या शहराचं, ना लाफायेटचं. क्वेड दिसतो छान, एलन बार्किनबरोबरचे प्रसंगही रंगतात, पण कानाला ते सगळं खोटं लागतं. चित्रपटाने केजन संगीत आणि तिथल्या कृष्णवर्णीयांचं झायडेको संगीत मात्र जगभर पोचवलं. ते उपकार मान्य केले पाहिजेत.

याच्या अगदी उलट उदाहरण वॉल्टर हिलच्या 'सदर्न कम्फर्ट'चं (१९८१). नॅशनल गार्डचे काही जवान दलदलीत वाट चुकतात, स्थानिक केजनांच्या होड्या न विचारता घेतात, गंमत म्हणून त्यांच्यावर बंदुकीचे खोटे बार काढतात, आणि मग ते अदृश्य शिकारी एकेकाला टिपतात. केजन म्हणजे जंगलातला खुनी, ही प्रतिमा या चित्रपटाने पक्की केली. शूटिंगही अकेडियानात नाही, टेक्ससच्या सीमेवरच्या कॅडो तलावाच्या परिसरात झालं. पण शेवटच्या भागात वाचलेले दोन जवान एका खेड्यात पोचतात. तिथे डुक्कर कापून सामुदायिक जेवण चाललंय, लाकडी जमिनीवर जोड्या नाचताहेत, आणि फिडल वाजवत गाणारा माणूस आहे ड्यूई बाल्फा. बाल्फा म्हणजे १९६४च्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात केजन संगीत घेऊन गेलेला खरा कलावंत. चित्रपट आल्याच्या पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, त्याला लोककलेसाठीचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. तो आपल्या फ्रेंचमध्ये दारूचं गाणं गातो, ॲकॉर्डियन आणि लोखंडी त्रिकोण साथ देतात. कुणी कॅमेऱ्याकडे पाहत नाही. भीती जवानांच्या आणि आपल्या मनात आहे. गावकरी फक्त नाचताहेत. केजनांची इतकी बदनामी करणाऱ्या चित्रपटातच त्यांचं इतकं खरं दर्शन घडावं, याचं मला दर वेळी नवल वाटतं. दिग्दर्शकाने त्या दहा-पंधरा मिनिटांत तिथल्या माणसांना त्यांचंच काम करू दिलं, एवढंच त्याचं कारण.

दलदलीबद्दल एक सांगायला हवं. पडद्यावरचा केजन नेहमी मगरींच्या शेजारी, सरूच्या जातीच्या झाडांवरून लोंबणाऱ्या शेवाळाखाली राहतो. कित्येक केजन तसे राहतातही. पण अकेडियानाचा पश्चिम भाग सपाट, मोकळा माळ आहे. तिथे गुरं आहेत, घोडे आहेत, मैलोन्‌मैल भातशेती आहे. भात कापल्यावर त्याच खाचरांत पाणी सोडून क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले छोटे शेवंडे, वाढवतात. ते पिंजऱ्यांनी धरतात आणि नंतर पुन्हा भात. कोकणातल्या माणसाला हे दृश्य परकं वाटणार नाही. याच माळावर मार्दी ग्राच्या, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाआधीच्या सणाच्या दिवशी मुखवटे घातलेले घोडेस्वार घरोघर जाऊन गंबो नावाच्या दाट रश्श्यासाठी कोंबडी आणि तांदूळ मागतात, नाचतात, कोंबडीमागे चिखलात धावतात. 'ट्रू डिटेक्टिव्ह' या २०१४च्या मालिकेने तेच मुखवटे खुनाच्या कथेत भयासाठी वापरले. गावची पोरं ज्या खेळाची वर्षभर वाट पाहतात तो जगाला सैतानी विधी वाटावा, याचं वाईट वाटतं.

मग हेल अचूक असला की चित्रपट खरा ठरतो का? रॉबर्ट फ्लाहर्टीच्या 'लुइझियाना स्टोरी'त (१९४८) नट नाहीतच. जोसेफ बूद्रो हा खरा केजन मुलगा त्याचा नायक, मोठी माणसंही तिथलीच, आणि ती मधूनमधून आपलं फ्रेंच बोलतात. व्हर्जिल थॉमसनने केजन लोकधुनांवर बांधलेल्या संगीताला १९४९चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. चित्रपटाच्या संगीताला ते मिळाल्याचं हे एकमेव उदाहरण. बोलणं शंभर टक्के अस्सल. पण पैसा न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीचा होता. म्हणून तेलविहीर बायूत येते, काम उरकून निघून जाते आणि पाणी होतं तसं निर्मळ राहतं. प्रत्यक्षात तेल कंपन्यांनी खणलेल्या कालव्यांतून खारं पाणी आत शिरलं. पूर अडवायला मिसिसिपीला बांधलेल्या बांधांमुळे गाळ येणं थांबलं. १९३० च्या दशकापासून लुइझियानाची सुमारे पाच हजार चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली गेली आहे. त्या मुलाचा आवाज खरा आहे. त्याच्या गावाचं भवितव्य मात्र चित्रपटाने लपवलं.

ग्लेन पित्र हा दक्षिणेकडच्या कट ऑफ गावचा केजन दिग्दर्शक. त्याने आधी स्थानिक माणसं घेऊन फ्रेंचमध्ये छोटे चित्रपट केले आणि १९८६ मध्ये 'बेलिझेर द केजन' इंग्रजीत केला. कथा १८५९ची, म्हणजे ही पात्रं प्रत्यक्षात फ्रेंचमध्येच बोलली असती. नायक आरमंड असांते न्यूयॉर्कचा. तरी वैदूचा धंदा करणारा, चतुर, भांडखोर, मित्रासाठी जीव धोक्यात घालणारा बेलिझेर माणूस म्हणून उभा राहतो, कारण लिहिणाऱ्याला शेजारीपाजारी माहीत होते. जॉन सेल्सच्या 'पॅशन फिश'मध्ये (१९९२) डेव्हिड स्ट्रॅथेर्नचा केजनही मला आवडतो. तो हेल जवळजवळ कळूच देत नाही. हळू बोलतो, होडी दुरुस्त करतो. 'द वॉटरबॉय'मधला (१९९८) एकही शब्द न कळणारा प्रशिक्षक मी पुन्हा बघणार नाही. त्या विनोदासाठी लागणारं हसू मला येत नाही.

तुम्हाला खरा हेल ऐकायचाच असेल तर माहितीपट बघा. लेस ब्लँकचा 'स्पेंड इट ऑल' (१९७१) जेमतेम पाऊण तासाचा आहे. त्यात घोड्यांच्या शर्यती आहेत, स्वयंपाक आहे, आणि पकडीने स्वतःचा दात उपटणारा एक इसम आहे. वेर्नर हेरझोगने तो प्रसंग पुढे 'श्ट्रोश्झेक'मध्ये जसाच्या तसा घेतला. संगीताची आवड असेल तर ब्लँक आणि क्रिस स्ट्राखविट्झ यांचा 'जे एते ओ बाल' (१९८९) बघा. मुलालाही शेजारी बसवा आणि उपशीर्षकं बंद ठेवून पहिली दहा मिनिटं नुसतं ऐका. फ्रेंच कुठे संपतं आणि इंग्रजी कुठे सुरू होतं, ते सुरुवातीला कळणार नाही. थोड्या वेळाने कळू लागेल.