‘द सर्कस’ आधी पाहावा



चार्ली चॅप्लिनचा ‘द सर्कस’ हा मूकपट जानेवारी १९२८ मध्ये न्यूयॉर्कला झळकला. लांबी जेमतेम सव्वा तास. विनोदी कामे करू पाहणाऱ्याने त्याचे बाकीचे चित्रपट मागाहून पाहिले तरी चालेल. हा आधी पाहावा. माणूस कशाने हसतो, हाच याचा विषय आहे.

खिसेकापू समजून पोलीस मागे लागलेला भटक्या पळतापळता सर्कशीच्या रिंगणात घुसतो आणि जांभया देणारे प्रेक्षक पोट धरून हसू लागतात. मालक त्याची चाचणी घेतो, ‘हसवून दाखव’ म्हणतो. तिथे मात्र सगळेच फसते. मग सामान उचलणारा गडी म्हणून त्याला ठेवून घेतात. खेळ त्याच्या जिवावर भरतो आहे, हे तो सोडून सगळ्यांना ठाऊक असते. मालकाची सावत्र मुलगी ते सांगते, तेव्हा तो पगार वाढवून घेतो. पुढे तिचे मन तारेवर चालणाऱ्या रेक्सवर जडते आणि याचा विनोद आटतो.

खरा अभ्यास तारेच्या प्रसंगाचा. रेक्स गायब, म्हणून भटक्याला वर चढावे लागते. कमरेला चोरून बांधलेला दोर मध्येच सुटतो. मग माकडे अंगावर येतात, एक नाकाला चावते, पँट घसरते आणि आत खेळाचा पोशाख घालायचाच राहिल्याचे उघड होते. एक संकट निस्तरण्याआधी दुसरे दारात उभे! प्रसंगाची सगळी ताकद या क्रमात आहे. नुसती पँट घसरून एवढे हसू आले नसते.

पडद्यावरचा हा गोंधळ घोटून घोटून बसवलेला आहे. चॅप्लिन तारेवर चालायला खरोखर शिकला होता. फिल्म धुताना ओरखडे पडले, तेव्हा तारेवरची दृश्ये त्याने पुन्हा चित्रित केली. सिंहाच्या पिंजऱ्यातल्या प्रसंगाचे दोनशेच्या आसपास टेक झाले. सप्टेंबर १९२६ मध्ये सेट जळाला, पुढे घटस्फोटाच्या खटल्यात काम कित्येक महिने ठप्प झाले. १९२९ च्या पहिल्याच ऑस्कर समारंभात या चित्रपटासाठी त्याला विशेष पुरस्कार मिळाला. आत्मचरित्रात मात्र त्याने चित्रपटाला जवळजवळ जागाच दिलेली नाही.

१९६९ मध्ये चॅप्लिनने स्वतःचे संगीत देऊन चित्रपट पुन्हा आणला. सुरुवातीचे गाणेही त्याच्याच आवाजात आहे. ते जरूर ऐकावे. तारेचा प्रसंग मात्र एकदा आवाज बंद करून पाहावा.

— शरदकाका