फोनमधला एफएम दरडीच्या रात्री

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडे (ता. खालापूर) वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात. फोनमध्ये एफएम असायलाच हवा का?

उत्तर : हो, हवाच. १९ जुलै २०२३ च्या रात्री तुमच्याच तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. अशा वेळी टॉवर बंद पडला, तरी रेडिओ केंद्र चालू असेपर्यंत एफएम ऐकू येतो. त्याला सिम लागत नाही, डेटाही नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने फोन कंपन्यांना एफएम सुरू ठेवायला सांगितलं. माझ्या मते ही सक्तीच हवी.

पण मर्यादा ओळखा. एफएमच्या लहरी डोंगराआड क्षीण होतात, आणि झोपलेल्या माणसाला रेडिओ उठवत नाही. म्हणून फोनवरचे सरकारी आपत्कालीन इशारे बंद करू नका.

नवा फोन घेताना एफएम आहे का, ते विचारा. वायरचा हेडफोन जपून ठेवा, तोच अँटेनाचं काम करतो. आकाशवाणी मुंबईचं १००.७ घरात लागतं का, हे पावसाआधीच तपासा. लागत नसेल, तर मीडियम वेव्ह असलेला, सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर घ्या. त्या लहरी डोंगराळ भागात जास्त आतवर पोहोचतात.