लाव्याचे घर आणि लाव्याचे ताट : गवते ओळखायला शिकू या

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. प्रयोगशाळेमागच्या मोकळ्या जागेत गवत कमरेएवढे वाढले होते. "साप निघतील, कापून टाका," असे मी माळीबुवांना सांगितले. तासाभराने ते विळा हातात घेऊन परत आले. "सर, जरा बघता का?" म्हणाले. गवताच्या एका ठोंबाच्या बुडाशी, वाकवलेल्या पात्यांच्या छपराखाली, करड्या रंगाची, बारीक ठिपक्यांची चार अंडी होती. तेवढा ठोंब आम्ही तसाच राखला. पण भोवतालचे गवत गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तेथे फक्त टरफले उरली होती आणि कुंपणावर दोन कावळे बसले होते.

ती अंडी लाव्याची होती. मी भौतिकशास्त्र शिकवतो. गवत म्हणजे गवत, एवढेच माझे ज्ञान! त्या दिवसापासून मी सातपूरच्या आसपासचे गवत वाचायला शिकलो. आज तुम्हालाही ते अक्षर शिकवणार आहे.

लावे कोण?

लावा हा जमिनीवर राहणारा, साधारण १५ ते १८ सेंटिमीटर लांबीचा, मातकट रंगाचा गुबगुबीत पक्षी. संकट आले की तो आधी पळतो किंवा दबून बसतो. अगदी पायाशी आल्यावर भुर्रकन उडतो. आपल्याकडे याचे अनेक प्रकार आढळतात. पावसाळी लाव्याच्या नराच्या छातीवर काळा डाग असतो. झुडपी लावे थव्याने राहतात. तिसरा आहे तीन बोटांचा लावा. तो दिसायला लाव्यासारखा असला, तरी शास्त्रज्ञ त्याला निराळ्या कुळात घालतात. त्याच्या पायाला मागचे बोट नसते. यात मादी मोठी व अधिक ठळक रंगाची असते, आणि अंडी उबवण्याचे काम नर करतो! मादीचा आवाज दूरवर चाललेल्या मोटारसायकलसारखा घुमतो. आमच्या कारखान्यांच्या वस्तीत तो कुणाच्या लक्षातही येत नाही.

गवताची ओळख कशी पटवावी?

जगात गवताच्या सुमारे ११ ते १२ हजार जाती आहेत. घाबरू नका, आपल्याला आठ-दहा पुरेत. आधी खोड बोटांत फिरवून पाहा. गवताचे खोड गोल किंवा किंचित चपटे असते आणि त्यावर पेरे असतात. तिन्ही बाजूंनी कडा लागल्या, तर ते गवत नव्हे, लव्हाळा होय. गाजर गवत तर नावापुरतेच गवत. ते सूर्यफुलाच्या कुळातले आहे.

नंतर तीन ठिकाणी भिंग लावा : पेरावर केस आहेत का; पान खोडाला मिळते तेथे जिभेसारखा पापुद्रा, म्हणजे जिव्हिका, आहे का; आणि तुरा कसा आहे. दाण्याला लांब केसासारखे टोक असेल, तर त्याला कुसळ म्हणतात. शास्त्रीय भाषेत प्रशूक.

लाव्याचे ताट

लहान, गोलसर, बिनकुसळाचा दाणा टिपायला सोपा. असे दाणे देणारी तीन गवते पाहू.

१. जंगली सावा (एकायनोक्लोआ कोलोना). शेताच्या बांधाशी, ओलसर जागी उगवतो. खोडाचा बुडखा पुष्कळदा लालसर असतो. मुख्य खूण म्हणजे याला जिव्हिका नसते.

२. रानराळा (सेटारिया). तुरा बाटली धुण्याच्या ब्रशासारखा. दाणे झडून गेले, तरी राठ केस दांड्यावरच राहतात.

३. रान-नाचणी (एल्युसिनी इंडिका). हाताच्या बोटांसारखी कणसे. बुडखा चपटा, पांढरट; उपटताना दमछाक होते. आपल्या जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, इगतपुरी या भागांत पिकणाऱ्या नागलीची ही जवळची नातलग. कापणीनंतर शेतात सांडलेली नागली, वरई हेही लाव्याचे अन्नच.

मात्र पिलांना सुरुवातीचे दिवस दाण्यांपेक्षा किडे अधिक लागतात. वाढीला प्रथिने हवीत. म्हणून ज्या गवतात किडे नाहीत, तेथे दाणे असूनही पिले जगणे कठीण.

लाव्याचे घर

घरासाठी ठोंबाने वाढणारी बहुवार्षिक गवते हवीत.

१. मारवेल (डायकँथियम अॅन्युलेटम). पेराभोवती पांढऱ्या केसांचे कडे असते. लॅटिन नावाचा अर्थही 'कडेवाले' असाच आहे.

२. डोंगरी (क्रायसोपोगॉन फल्वस). मुरमाड उतारावर वाढते. तुऱ्यात तांबूस-सोनेरी केसांचे झुबके दिसतात.

३. कुसळी (हेटेरोपोगॉन कंटॉर्टस). काळसर कुसळे एकमेकांत गुंतून दोरीसारखा पीळ बनतो. आपल्या मोज्यांना टोचणारी ती हीच!

ठोंबच का? ठोंबांच्या मध्ये पळायला वाटा राहतात आणि वर पात्यांचे छत मिळते. हराळीसारख्या दाट गालिच्यात वाटही नाही अन् छतही नाही. शिवाय यात उष्णतेचे गणित आहे. अंड्यातील जीव वाढायला सुमारे ३७ ते ३८ अंश सेल्सिअस तापमान लागते. उघडी मुरमाड जमीन उन्हात हवेपेक्षा पुष्कळ अधिक तापते. ठोंबाखाली सूर्याची प्रारणे अडतात, आणि पात्यांत अडकलेली स्थिर हवा उष्णतेची मंदवाहक असते. तोच ठोंब थंड रात्री पांघरूण होतो.

करून पाहा

पहिला प्रयोग : पाखरे नाहीत याची खात्री असलेल्या जागी, दुपारी एक तापमापक ठोंबाच्या बुडाशी व दुसरा तीन पावलांवर उघड्या जमिनीवर ठेवा. दर दहा मिनिटांनी वाचने घेऊन आलेख काढा.

दुसरा प्रयोग : कुसळीचे एक वाळलेले कुसळ घ्या. दाण्याकडचे टोक मेणात उभे रोवा. वरचे वाकलेले टोक घड्याळाच्या काट्यासारखे कागदी तबकडीवर येऊ द्या. पिळावर पाण्याचा एक थेंब सोडा. काटा फिरू लागेल! ओलाव्याने कुसळातील पेशींच्या भित्तिका फुगतात. त्यांतले तंतू तिरके गुंडाळलेले असल्याने पीळ उलगडतो. वाळल्यावर तो पुन्हा बसतो. असे ओले-सुके होत हे बी स्वतःला जमिनीत रोवून घेते. रॉबर्ट हूक याने १६६५ साली रानटी ओटच्या कुसळाचा असाच आर्द्रतामापक म्हणून उपयोग वर्णिला होता.

पंधरा दिवसांचा प्रश्न

आता पुन्हा माझ्या चुकीकडे. तीन बोटांच्या लाव्याची अंडी साधारण १२ ते १५ दिवसांत फुटतात, आणि पिले लगेच चालू लागतात. म्हणजे मी फार तर पंधरवडाभर थांबलो असतो, तर चार पिले पळून गेली असती. सापाची भीती होती, तर पायवाटेपुरते गवत काढणे पुरेसे होते.

सातपूरच्या रिकाम्या भूखंडांवर, त्र्यंबक रस्त्याच्या कडेला, गंगापूर धरणाकडच्या माळांवर आणि अंजनेरीच्या उतारांवर हाच प्रश्न उभा असतो. अशा जमिनीला आपण 'पडीक' म्हणतो. उन्हाळ्यात तिला वणवा लागतो आणि ठोंब, दाणे, किडे सारेच जळते. येवला तालुक्यात ममदापूरला काळविटांसाठी माळरान राखले आहे. गवत राखले की त्याच्या आश्रयाने इतर जीवही जगतात. गवत कापायला हरकत नाही, गुरांना चारा हवाच. पण दाणे पिकून झडल्यावर कापावे, सगळे एकदम न कापता पट्टे राखावेत आणि आग लावू नये.

एक सूचना मात्र पाळा. घरटे दिसले तर हात लावू नका, भोवतालचे गवत वाकवू नका, दोन पावले मागे सरा. रानातले लावे पकडणे किंवा त्यांची अंडी नेणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

आमच्या प्रयोगशाळेमागे आता मारवेल पुन्हा वाढले आहे. गेल्या श्रावणात तिथून तो मोटारसायकलसारखा आवाज ऐकू आला. माळीबुवांनी विळा खुंटीला अडकवला आणि माझ्याकडे पाहिले. मी काहीच बोललो नाही.

तुमच्या शाळेमागे कोणते गवत आहे? या रविवारी भिंग घेऊन जा, आणि आधी खोड बोटांत फिरवून पाहा.