एवढंसं काय कळवायचं?

माझ्या बोटीच्या डाव्या बाजूला, दोर बांधायच्या मागच्या क्लीटच्या बुडाशी केसाएवढी चीर पडली होती. धक्क्यावर उतरताना मी तिच्यावरून नख फिरवलं. जेमतेम अडकलं. आणि घरी गेलो.

मी मेरीलँडमध्ये अनॅपोलिसजवळ राहतो. अमेरिकन तटरक्षक दलाची ‘कोस्ट गार्ड ऑक्झिलरी’ ही स्वयंसेवकांची शाखा 1939 पासून आहे. बोट आपली, वेळ आपला. दरवर्षी बोटीची तपासणी करून घ्यायची, आदेश मिळाला की गस्तीला निघायचं, अडकलेल्यांना किनाऱ्याला आणायचं. लहानपण मालवणात गेलं, त्यामुळे या कामात मी कधीच परका नव्हतो. मात्र तिथलीच एक सवय बरोबर आली. खरचटलं, आपटलं, तर तांडेल बोलत नाही.

ती चीर पडली तो ऑगस्टमधला रविवार होता. सेव्हर्न नदीच्या मुखाशी एका शिडाच्या बोटीचं इंजिन बंद पडलं होतं. धक्क्याजवळ जागा अरुंद, म्हणून ती आमच्या कुशीला बांधून घेतली. तेवढ्यात एक मोठी मोटारबोट वेगाने गेली आणि तिच्या लाटांनी दोन्ही बोटी वेगवेगळ्या तालात उचलल्या. धक्के झेलणारे मधले फेंडर वर उसळले, त्या बोटीच्या कठड्याची दांडी आमच्या बोटीवर आपटली, आणि क्लीटवरचा दोर सैल करायला गेलेल्या आमच्या सहकारी बाईंचं मनगट पिरगळलं. निवृत्त शिक्षिका आहेत त्या. “बर्फ लावते, जाईल,” म्हणाल्या. मला ते ऐकायला बरं वाटलं.

गस्तीवर ठरावीक वेळाने रेडिओवर खुशाली कळवावी लागते. मी “सगळं ठीक” कळवलं. नोंदवहीतही तेच लिहिलं. वर त्या शिडाच्या बोटीच्या म्हाताऱ्या मालकाला म्हणालो, “कठड्याची काळजी करू नका, मी बघतो.”

दहा दिवसांनी बाईंच्या मनगटाचं हाड चिरल्याचं निघालं. आदेशावर असताना दुखापत झाली, तर संघराज्याच्या कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या भरपाई कायद्याचं संरक्षण आम्हा स्वयंसेवकांनाही मिळतं. त्यासाठी सीए-1 हा अर्ज आहे. तो 30 दिवसांच्या आत द्यावा, आणि खरं तर त्याच दिवशी. आदेश कागदावर होता म्हणून आम्ही निभावलो. पण घटना आठवून लिहायला बसलो तेव्हा माझी वेळ आणि त्यांची वेळ जुळेना. मी लिहिलेल्या “सगळं ठीक”चा खुलासा दुखऱ्या हाताने त्यांना करावा लागला. याचं मला आजही वाईट वाटतं.

चिरेत मी स्वतःच जेलकोटचा लेप भरून टाकला होता. हिवाळ्याआधी बोट पाण्याबाहेर काढली. दुरुस्तीवाल्याने क्लीटभोवती हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिलं. ठक, ठक, आणि मग एकदम भद्द. फायबरच्या आतलं लाकूड भिजून गेलं होतं. “हे कधी झालं?” त्याने विचारलं. फोटो नव्हता, अहवाल नव्हता, आणि मूळ खूण मीच बुजवली होती. आदेशावर असताना झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. नेहमीच्या वापराची झीज त्यात धरत नाहीत. माझ्याकडे या दोहोंतला फरक दाखवणारं काही उरलंच नव्हतं. दावा केला नाही, पैसे मी भरले.

म्हणून या कामात नव्याने येणाऱ्यांना कळकळीने सांगतो. आदेश हातात असल्याशिवाय धक्का सोडू नका. तीच बोट, तेच पाणी, पण आदेश नसेल तर ती तुमची खासगी सहल. काही लागलं, आपटलं, तर माणसं आधी सुरक्षित करा आणि लगेच आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला कळवा. किती लहान हे तुम्ही ठरवू नका. हात लावण्याआधी फोटो काढा, शेजारी एखादं नाणं ठेवून, म्हणजे माप कळतं. वेळ, वारा, लाटा, कोण कुठे उभं होतं, हे प्रत्येकाने आपापलं वेगळं लिहावं. सांगितल्याशिवाय दुरुस्ती करू नका, खर्चाचे लेखी अंदाज घेऊन ठेवा.

समोरच्याला कसलंही वचन देऊ नका. नाव, पत्ता द्या, घ्या, धीर द्या, तेवढं पुरे. आम्ही आदेशावर असलो की त्याचा दावा सरकारवर असतो. त्यासाठी एसएफ-95 हा अर्ज आहे, मुदत 2 वर्षांची, आणि त्यात नेमकी रक्कम लिहावीच लागते. माझ्या “मी बघतो”मुळे त्या भल्या माणसाने अर्जाची चौकशीच उशिरा केली. स्वतःच्या बोटीवर मौजेला गेलात तरी कळवणं सुटत नाही. प्रथमोपचारापलीकडची दुखापत असेल तर 48 तासांत, नुसतं नुकसान 2,000 डॉलर किंवा त्याहून जास्त झालं तर 10 दिवसांत. काही राज्यांचे नियम याहून कडक आहेत.

सेवेला गेलो आणि वर बिल लावायचं, हा संकोच मला ठाऊक आहे. मीही त्याच संकोचाने गप्प बसलो. पण त्या बोटीवर मी एकटा नव्हतो.

बाई या मोसमात परत आल्या. दोर त्या अजून डाव्या हातानेच आवळतात.