नखांची साक्ष

आपण रोज हात धुतों व आठवड्यास नखें कापतों. परंतु त्यांजकडे निरखून क्वचितच पाहतों. नख निर्जीव दिसलें, तरी तें ज्या मुळापासून वाढतें तें जिवंत असून रक्तावर पोसलें जातें. हाताचें नख महिन्यास सुमारें 3 मिलिमीटर वाढतें. कडक ताप किंवा मोठें दुखणें आलें, तर ही वाढ कांहीं काळ खुंटते व पुढें नखांवर आडवी खांच दिसूं लागते. फ्रेंच डॉक्टर बो ह्यांनीं 1846 सालीं तिचें वर्णन केलें. खांच मुळापासून किती पुढें सरकली, ह्यावरून दुखणें केव्हां झालें ह्याचा अंदाज करितां येतो.

नखें फिकट व ठिसूळ होऊन चमच्यासारखीं खोलगट झालीं, तर शरीरांत लोह कमी असल्याचा संशय घ्यावा. 2019-21 सालच्या राष्ट्रीय पाहणींत 15 ते 49 वर्षें वयाच्या दर 100 स्त्रियांपैकीं सुमारें 57 जणींस रक्तक्षय आढळला. घरची माउली सर्वांस वाढून उरलेलें खाते. चढ चढतांना तिला धाप लागते, तरी "कामाचा शीण आहे" एवढेंच ती म्हणते. तिचीं नखें उजेडांत पाहा, व तिचें रक्त तपासून घ्या. मेंदी किंवा रंग लाविला असल्यास नखांचा खरा वर्ण कळत नाहीं, हें ध्यानांत असावें.

आतां दुसरी परीक्षा. दोन्ही हातांच्या तर्जनींचीं नखें पाठीस पाठ लावून धरा. मध्यें शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक फट दिसावी. ती नाहींशी होऊन बोटांचीं टोंकें फुगीर झालीं असतील, तर फुप्फुस किंवा हृदय ह्यांचा विकार असूं शकतो. दक्षिण आफ्रिकेंतील हृदयरोगतज्ज्ञ लिओ शॅमरोथ ह्यांनीं ही खूण स्वतःच्याच आजारांत पाहून 1976 सालीं प्रसिद्ध केली. नखें निळीं पडून दम लागत असेल, तर क्षणाचाही विलंब लावूं नये. एकाच नखावर नवी काळी रेघ उठून रुंदावत असेल, तर तीही डॉक्टरांस दाखवावी.

उलट, नखांवरील पांढरे ठिपके पाहून पुष्कळ लोक उगाच घाबरतात. ते बहुधा किरकोळ मार लागल्यानें उठतात व नखाबरोबर वाढून निघून जातात.

सारांश, नख हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. त्याची साक्ष घरीं ऐकावी. निवाडा मात्र दवाखान्यांत करून घ्यावा.